नवा फोन, लॅपटॉप घ्यायचाय? पैशांची तयारी या क्रमाने करा

दुकान ठाण्यात राम मारुती रोडवरचं असो की वाशीच्या सेक्टर १७ मधलं, शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती पडेल?" सेल्समनलाही हाच प्रश्न हवा असतो. साठ हजारांचा फोन बघता बघता पाच हजारांचा होतो, पाच हजार काय पगारातून निघतील असं वाटतं आणि सौदा होतो. बचत महिनाअखेरीला, उरेल त्यातून. उरत मात्र काहीच नाही.

फोन घेण्यात गैर काही नाही. घोळ सगळा क्रमाचा आहे. बहुतेक घरांत आधी वस्तू ठरते, मग हप्ता बसवला जातो आणि बचतीचा विचार शेवटी. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. टप्पे मागेपुढे करू नका आणि दुसरा तर गाळूच नका. घाईत असलेली माणसं नेमका तोच गाळतात.

तयारी: काय घेऊन बसायचं

गेल्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, सगळ्या खात्यांची. पगाराचं खातं एका बँकेत, सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी दुसरं सहकारी बँकेत, असं असेल तर दोन्हींची. क्रेडिट कार्डांची शेवटची बिलं, एक वही आणि निवांत तासभर. नवरा-बायको दोघांनी एकत्र बसायचं. कार्ड एकाचं, हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून, हा प्रकार घरोघरी असतो. एकट्याने केलेला हिशेब त्यामुळे अर्धवट राहतो.

टप्पा १: आधीचे हप्ते शोधून काढा

स्टेटमेंटवर 'एनएसीएच', 'एसीएच' किंवा 'मँडेट' असं लिहिलेली प्रत्येक ओळ वहीत उतरवा. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची ती खूण असते. मग यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडा. तिथे मुलाने कधीतरी चालू केलेलं गेमचं वर्गणीखातं, न बघितलं जाणारं ओटीटी, जिमचं राहून गेलेलं काहीतरी सापडतंच. नको ते तिथल्या तिथे बंद करा.

यानंतर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंदवही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रिपोर्टमध्ये नुसता स्कोअर बघून खूश होऊ नका. 'ॲक्टिव्ह' म्हणून कोणती खाती दिसतात ते वाचा. मिक्सर किंवा टीव्ही हप्त्यावर घेताना उघडलेलं कर्जखातं, हप्ते फेडून वर्ष झालं तरी चालूच दिसतं, अशी उदाहरणं कमी नाहीत.

तपासा: गृहकर्ज सोडून बाकी सगळ्या हप्त्यांची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या दहा टक्क्यांवर गेली आहे का? गेली असेल तर नवा हप्ता नको. ही मर्यादा कुठल्या नियमात नाही, माझी आहे. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं कर्ज डोक्यावर असेल तर दहा टक्केसुद्धा जास्त होतात.

टप्पा २: जुनी वस्तू खरोखर संपली आहे का?

फोन 'हळू झाला' म्हणजे बहुतेकदा स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं. व्हॉट्सॲपमधले सकाळचे शुभेच्छांचे व्हिडिओ काढले, ॲपचा साठलेला कचरा साफ केला, तर निम्मे फोन पुन्हा ताळ्यावर येतात. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकत असेल तर बॅटरी बदला. आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी आणि मग बॅटरी हेल्थ असं गेलं की टक्केवारी दिसते. ८०च्या खाली गेली की बॅटरी बदलायची वेळ झाली, फोन बदलायची झालीच असं नाही.

लॅपटॉपचंही तसंच. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली की पाच-सहा वर्षांचं मशीन कॉलेजच्या कामाला आरामात पुरतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बरेच जण लॅपटॉप भंगारात काढायला निघाले आहेत. आधी मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन यात बसत असेल तर अपग्रेड फुकट आहे.

वस्तू बदलायची खरी कारणं मोजकी: सुरक्षा अपडेट बंद झाले, बँकेचं ॲप चालेना, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला. शेजाऱ्याने घेतला हे यात येत नाही. कॅमेरा, बहुतेकांच्या बाबतीत, येत नाही.

सावधान: दुरुस्तीला टाकताना दुकानदार चिठ्ठीवर तुमचा पिन किंवा पॅटर्न लिहितो आणि ती रबरबँडने फोनला गुंडाळून खणात टाकतो. स्क्रीन लॉकचा आणि यूपीआयचा पिन एकच असेल तर तुम्ही त्या चिठ्ठीवर बँकेची किल्ली लिहून दिलीत. आधी बॅकअप घ्या, सिम काढा, पैशांची ॲप्स काढून टाका, तात्पुरता वेगळा पिन ठेवा आणि पावतीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून घ्या.

टप्पा ३: बचत पगाराच्या तारखेला बांधा

पगार १ तारखेला, एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) २५ला. ही रचना मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की वाटतं कुणी मुद्दाम शिकवत असावं. २५ला खात्यात काही नसतं, हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि माणूस कंटाळून एसआयपीच बंद करतो. बचतीची प्रत्येक तारीख पगारानंतरच्या चार दिवसांत आणा.

पीपीएफला, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी खात्याला, तर हे काटेकोर पाळा. त्यातलं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात, म्हणजे ६ तारखेला भरलेल्या पैशावर त्या महिन्याचं व्याज नाही. व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला तो ठरवतं. दर हाच राहिला आणि ५ च्या आत महिना २,५०० रुपये भरत राहिलात, तर १५ वर्षांत भरलेले साडेचार लाख सुमारे ७ लाख ८९ हजार होतात. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या घरातून साधारण तेवढेच पैसे दरमहा बाहेर जातात.

बचतीतही आधी काय, नंतर काय हे ठरलेलं हवं. सगळ्यात आधी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला: भाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, महावितरणचं बिल, गॅस, किराणा, शाळेची फी आणि व्हॅन, लोकलचा पास, औषधं. ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत. त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि डेबिट कार्ड कपाटात ठेवा. पैसे काढायला थोडी तसदी पडली पाहिजे, इतकाच हेतू.

तपासा: एका बँकेत एका खातेदाराच्या सगळ्या ठेवी मिळून, व्याजासह, ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण असतं. सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकाच ठिकाणी ठेवलं असेल तर विभागणी करा.

टप्पा ४: गॅजेट निधी उघडा

व्यापारी यंत्राचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, खर्चात धरतो. घरात आपण धरत नाही, म्हणून वॉशिंग मशीन बंद पडलं की 'अचानक खर्च' आला म्हणतो. मशीन कधीतरी बंद पडणारच होतं. घरातली प्रत्येक महागडी वस्तू लिहा, नवी घ्यायला आज किती लागतील ते समोर मांडा, किती वर्षं चालेल त्याने भागा आणि मग बाराने.

समजा, मानपाड्याला राहणारं चौकोनी कुटुंब आहे. २०,००० चे दोन फोन, चार वर्षं चालतील असं धरलं तर महिना ८३३. लॅपटॉप ५४,००० चा, पाच वर्षं: ९००. फ्रिज ३०,००० चा आणि वॉशिंग मशीन २४,००० चं, दोन्ही दहा वर्षं: २५० आणि २००. एसी ३८,४०० चा, आठ वर्षं: ४००. बेरीज २,५८३. म्हणजे या घराने महिना सव्वीसशे रुपये बाजूला टाकले तर एकही वस्तू हप्त्यावर घ्यावी लागू नये. ज्यांना साठ हजारांचाच फोन हवा आहे त्यांनी वरच्या ओळीत २०,००० च्या जागी ६०,००० घालून बेरीज पुन्हा करावी. उत्तर पटलं तर खुशाल घ्यावा.

पैसे ठेवायचे कुठे? बँकेची एक किंवा दोन वर्षांची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव, सगळ्यात सोपी. महिना २,५०० प्रमाणे २४ महिन्यांचे ६०,००० होतात आणि साडेसहा टक्के दर धरला तर वर चार हजारांच्या आसपास व्याज.

इथल्या नेहमीच्या चुका:

- पोस्टाची आरडी उघडणं. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. तीननंतर मोडली तर व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं. लांबच्या बचतीला ठीक, फोनसाठी नाही.
- शेअर बाजाराशी बांधलेल्या म्युच्युअल फंडात हा पैसा टाकणं. लॅपटॉप जूनमध्ये कॉलेज सुरू होताना लागणार असतो आणि बाजार तेव्हा वर असेलच असं कुणी लिहून दिलेलं नसतं.
- भिशीच्या भरवशावर राहणं. ऑफिसातली किंवा बिल्डिंगमधली भिशी ओळखीवर चालते. एक जण नोकरी सोडून गेला की पुढचे नंबर अडकतात. भिशी खेळा, पण हा निधी तिथे नको.
- निधी आणीबाणीच्या खात्यातच ठेवणं. मग सेल लागला की आणीबाणीही आली असं वाटू लागतं.

टप्पा ५: निधीत बसेल ते मॉडेल निवडा

इथवर आल्यावर दुकानात जायचं, त्याआधी नाही. आणि विचारायचं ते "रोख भाव काय?" एवढंच. महिन्याचा आकडा तोंडातून काढायचा नाही.

फोनच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा अपडेटची वर्षं बघा. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. स्वस्त फोनांना दोन-तीन-चार अशी कितीही असू शकतात. ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. 'मागच्या वर्षीचं मॉडेल, आठ हजारांनी स्वस्त' ही ऑफर त्या हिशेबाने तोलून बघा. बऱ्याचदा चांगलीच निघते, पण अपडेटचं एकच वर्ष उरलं असेल तर नाही.

किंमत म्हणजे नुसती डब्यावरची नाही. चार्जर डब्यात आहे का? कव्हर, काच, लॅपटॉप असेल तर बॅग आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरची वर्गणी? हे सगळं धरून निधीशी पडताळा.

वाढीव वॉरंटीबद्दल थोडं थांबून विचारा. बहुतेक वाढीव वॉरंट्या फक्त कारखान्याचा दोष धरतात. हातातून पडून फुटणं आणि चोरी त्यात नसते. ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभं राहून फोन बघणाऱ्याला दोष-वॉरंटीचा काय उपयोग? घ्यायचंच तर अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्या, आणि तेही बिलावर वेगळी ओळ दाखवून. 'फ्री दिलंय साहेब' म्हणत किमतीत मिसळलेलं नको.

सावधान: 'बिल नको असेल तर हजार रुपये कमी करतो' हा सौदा करू नका. मोबाईल-लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, दुकानदार तो वाचवतो. तुमची मात्र वॉरंटीही जाते आणि तक्रारीचा आधारही.

टप्पा ६: हप्ता घ्यायचाच असेल तर

कधी कधी इलाज नसतो. ऐरोली-महापेतली नोकरी लॅपटॉपवर चालते आणि तोच गेला, मुलाचं कॉलेज सुरू झालंय आणि निधी अर्धाच भरलाय, अशा वेळी हप्ता घ्यावा. तीन महिन्यांचा घरखर्च मात्र तसाच शिल्लक हवा, आणि निधीत आहे तेवढं आधी रोख भरून उरलेल्याचाच हप्ता करायचा.

आता 'नो कॉस्ट ईएमआय'. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं होतं. व्याज असतंच, विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते. उदाहरणार्थ, क्रेडिट कार्डावरचा साठ हजारांचा फोन, १२ महिने, महिना ५,००० असा धरा. बँकेचा दर १५ टक्के असेल तर कर्ज साधारण ५५,३९७ रुपयांचं दाखवतात आणि ४,६०३ रुपये व्याज. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो: ८२९. तो तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी: २३५. झाले ६१,०६४. दुकानदार रोखीला तीन हजार कमी करणार होता का? तसं असेल तर फरक चार हजारांच्या वर गेला.

वित्तकंपनीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण तिथे प्रोसेसिंग फी, कार्डाची फी, कधी विमा असं बाकी बरंच चिकटवलेलं असतं. म्हणून सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. मराठीत मागा, लाजू नका. त्यात 'एपीआर' हा आकडा असतो: सगळे खर्च धरून पडणारा वर्षाचा खरा दर. दोन ऑफर तोलायच्या त्या याच आकड्यावर.

मोबाईल ॲपवरून घेतलेल्या कर्जात विचार बदलायला किमान एक दिवस मिळतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचा खर्च भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

तपासा: हप्त्याची तारीख पगारानंतर आहे ना? कार्डाचं बिल पूर्ण भरता येईल ना? हप्ता चालू असताना कार्डाचं नुसतं 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलं तर बाकी रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज लागतं. तिथे नो कॉस्टचा सगळा हिशेब बुडतो.

टप्पा ७: खरेदीच्या दिवशी

डबा दुकानातच उघडा. *#०६# डायल करा. पडद्यावरचा, डब्यावरचा आणि बिलावरचा आयएमईआय एकच हवा. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि तुमचं नाव.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये देताना आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट. जाहिरातीतला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा, ती सगळ्यात वरची किंमत असते. स्क्रीनवर चीर असेल तर जुना फोन न्यायला घरी येणारा माणूस भाव निम्म्यावर आणू शकतो, आणि तेव्हा तुमचा बेत त्या जुन्या भावावर आखलेला असतो.

सेकंड हँड घेत असाल तर पैसे देण्याआधी इंग्रजी अक्षरांत 'केवायएम', जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर बघा. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आलं तर व्यवहार तिथेच सोडा.

सावधान: ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केली म्हणजे हप्ता आपोआप थांबतो असं नाही. परताव्याचे पैसे कार्डावर जमा होतात आणि हप्ता तसाच चालू राहतो. बँकेला फोन करून ईएमआय रद्द करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या.

टप्पा ८: शेवटच्या हप्त्यानंतर, आणि बिनसलं तर

कर्ज संपल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, मागून घ्या. बँकेत जाऊन किंवा नेट बँकिंगवरून त्या कर्जाचं मँडेट रद्द करा. दोनेक महिन्यांनी रिपोर्टमध्ये खातं 'क्लोज्ड' दिसतंय का बघा. त्याच तारखेला, तेवढ्याच रकमेची आरडी सुरू करायला हा सगळ्यात सोपा महिना. घराला त्या पैशाशिवाय जगायची सवय झालेली असते.

कर्जदात्याने न विचारता विमा चिकटवला, बंद झालेल्या कर्जाचा हप्ता ओढला, तर आधी त्याच्याकडेच लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, चौकशीसाठी १४४४८. वस्तू किंवा दुकानाबद्दल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं. त्यामुळे खारघरला राहणाऱ्याचा जिल्हा रायगड असला तरी नोकरी ऐरोलीत असेल तर त्याला ठाणे जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.